डोळ्यांची उमेदवारी

कासा परिसरात पशुवैद्य म्हणून मी १९८९ साली रुजू झालो, तेव्हा माझ्या कातडी पिशवीच्या वरच्या कप्प्यात डोळ्यांसाठी म्हणून एकच मलम असे. आणि जनावराचा डोळा लाल असो, पांढरा पडलेला असो, पाझरत असो की पापणीसकट सुजलेला असो, त्या नळीचे टोक खालच्या पापणीशी टेकवून मलमाची एक रेघ आत सोडली की नेत्रचिकित्सेतील माझी इतिकर्तव्यता संपत असे. त्या मलमात जंतुनाशकाच्या जोडीला स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली झपाट्याने उतरते, पाणी थांबते, मालक समाधान पावतो आणि नव्या डाक्तरच्या हाताला गुण आहे अशी वार्ता दुसऱ्या दिवशी पुढच्या पाड्यावर पोचलेली असते. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसाला याहून अधिक काय हवे असते?

अहमदाबादच्या महामार्गावर चारोटी नाका सोडून जव्हारच्या वाटेला लागले की कासा लागते. सूर्या नदीचे खोरे, टेकड्यांच्या कुशीत विखुरलेले वारल्यांचे पाडे, पावसाळ्यात भात आणि पावसाळा सरला की गवत, असा हा मुलूख. येथील शेतकऱ्याची बैलजोडी म्हणजे त्याचे सारे भांडवल. आणि चिखलणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांत जोडीतला एक बैल बसला, तर ते वर्षच हातचे गेले असे समजावे. अशाच एका आषाढात सायवनच्या बाजूच्या एका पाड्यावरून मला बोलावणे आले. डांगी वळणाचा, काळ्यापांढऱ्या अंगाचा तो बैल उजवा डोळा घट्ट मिटून उभा होता आणि गालावरून पाण्याची धार लागली होती. करवंदीच्या जाळीत तोंड घातले असावे, असे मालक म्हणाला. मी नेहमीप्रमाणे मलम घातले, नळी त्याच्या हवाली केली आणि दिवसातून तीनदा घालण्यास बजावून निघालो. तिसऱ्या दिवशी बैलाला आराम असल्याचा निरोप आला. आठव्या दिवशी मालक स्वतः आला आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिला. कारण सांगण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. डोळा निळसर होत गेला होता, मग त्याच्या मधोमध खळगा पडला होता आणि त्या पहाटे बुबुळ फुटून आतील द्रव वाहून गेला होता.

काट्याने त्या डोळ्याच्या पारदर्शक पटलावर ओरखडा उठला होता. असा ओरखडा स्वच्छ ठेवला, जंतूंपासून जपला, तर बहुधा आपोआप भरून येतो; परंतु उघड्या पडलेल्या त्या जागेवर स्टेरॉइड पडले की भरून येण्याची क्रिया मंदावते, जंतूंना मोकळे रान मिळते आणि पटलाचे तंतू विरघळविणाऱ्या स्रावांना जोर चढून पटल अक्षरशः वितळू लागते. मलमामुळे वेदना व लाली तेवढी झाकली गेली होती. रोग आत आपले काम करीत होता. म्हणजे तो डोळा काट्याने गेला नव्हता, माझ्या औषधाने गेला होता. हे मला त्या दिवशी कळले नाही. पाच वर्षांनी परळच्या एका अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्याच जनावराचा डोळा पाहत असता ते कळले, आणि त्या रात्री वसतिगृहात मला झोप लागली नाही.

त्या शेतकऱ्याने मला एका शब्दानेही दूषण दिले नाही. त्याने जोडीतील बैलांच्या बाजू तेवढ्या बदलल्या. आंधळा डोळा सोबत्याच्या अंगाकडे येईल आणि देखता डोळा मोकळ्या बाजूस राहील, अशा बेताने त्याला जुवाखाली घेतले, आणि लावणी उरकली. एका डोळ्याच्या जनावराचे जगणे कसे सोपे करावे याचा हा धडा पुढे मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही, आणि मी तो कित्येकांना सांगितला.

१९९४ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी मला रजा मंजूर झाली आणि मी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र या विभागात दाखल झालो. १८८६ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आणि त्याच्या आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ही परळची जुनी भूषणे. त्या काळी महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे असे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली निघाल्यावर ते तिकडे गेले. आपल्या देशात पशुनेत्रशास्त्राची स्वतंत्र पदवी नव्हती. ज्याला जनावरांच्या डोळ्यांचे काम शिकावयाचे असेल त्याने शल्यचिकित्सेत प्रवेश घ्यावा, प्रबंधाचा विषय डोळ्यांचा निवडावा आणि बाकीचे कसब मिळेल त्या दारी उमेदवारी करून मिळवावे, असा शिरस्ता होता. मी तेच केले.

ज्यांच्या हाताखाली मी ही उमेदवारी केली त्या गुरुजींनी पहिले कित्येक आठवडे मला एकाही डोळ्यात औषध घालू दिले नाही. केवळ पाहावयाचे, पाहिलेले वहीत दोन वर्तुळे काढून रेखाटावयाचे, आणि ते रेखाटन बिनचूक असल्याशिवाय रोगाचे नाव उच्चारावयाचे नाही. पाहण्यालाही क्रम होता आणि त्या क्रमास कारणे होती. जनावर दारातून आत येते तेथपासून पाहणे सुरू होई: ते उंबऱ्याला अडखळते का, मान एका बाजूस वळवून चालते का? मग दिवा मालवून बाहुलीची उघडझाप. मग कागदाची चिंचोळी पट्टी खालच्या पापणीत अडकवून एका मिनिटात अश्रूंनी ती किती भिजते याचे मोजमाप; निरोगी कुत्र्यात ही पट्टी पंधरा मिलिमीटर वा अधिक भिजते. ही पट्टी कोणताही थेंब घालण्यापूर्वीच लावावयाची, कारण बधिर करणारा थेंब पडला की अश्रू आटतात आणि मोजमाप खोटे ठरते. त्यानंतर डोळा बधिर करून आतील दाब घ्यावयाचा, जो कुत्र्यात साधारणतः दहा ते पंचवीस मिलिमीटर पारा एवढा असतो. आणि हे झाल्याखेरीज बाहुली रुंदावणारे औषध घालावयाचे नाही, कारण काचबिंदू दडलेला असेल तर त्या औषधाने दाब भडकू शकतो. क्रम चुकला की गुरुजी काही न बोलता वही मिटून परत देत.

तेथेच मला रंगाची पट्टी प्रथम मन लावून वापरता आली. नारिंगी रंगाचा तो कागदाचा तुकडा ओला करून डोळ्याला टेकवितात, पाण्याने डोळा धुतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. पटलाचा वरचा थर अखंड असेल तर रंग वाहून जातो. जेथे थर खरवडला असेल तेथे तो आत मुरतो आणि ती जागा पोपटी हिरव्या तेजाने उजळते. मी पहिल्यांदा असा हिरवा ठिपका पाहिला तो एका रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोळ्यात, आणि पाहताक्षणी सायवनच्या बाजूचा तो पाडा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. जी परीक्षा करावयास दोन मिनिटे लागतात, जिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, ती मी पाच वर्षे केली नव्हती. पुढे गुरुजींनी आणखी एक बारकावा शिकविला. जखम इतकी खोल गेली असेल की तळाशी केवळ शेवटचा पातळ पडदा उरला आहे, तर तो पडदा रंग घेत नाही. म्हणजे भोवती हिरवे कडे आणि मध्ये स्वच्छ काळा बिंदू दिसतो. अननुभवी माणूस मध्यभागी रंग नाही म्हणून निःशंक होतो, आणि वास्तविक तोच डोळा फुटण्याच्या उंबरठ्यावर असतो.

हाताला वळण लागावे म्हणून आम्ही देवनारच्या कत्तलखान्यातून शेळ्यांचे व म्हशींचे डोळे बर्फात घालून आणीत असू. केसाहूनही बारीक धाग्याने पटल शिवताना श्वास कोठे रोखावा, मनगट कशावर टेकवावे आणि सकाळचा दुसरा चहा का घेऊ नये, हे त्या निर्जीव डोळ्यांनी मला शिकविले. माणसांच्या एका नेत्रशल्यविशारदाने मोठ्या मनाने मला आपल्या शस्त्रक्रिया पाहू दिल्या. त्यांच्याकडून पुष्कळ घेता आले, परंतु सगळे जसेच्या तसे उचलता येत नाही, हेही तेथेच उमगले. कुत्र्याचे भिंग माणसाच्या भिंगाहून कितीतरी मोठे असते. त्याच्या डोळ्यात बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती सुमारे एकेचाळीस डायॉप्टर लागते, माणसाला त्याच्या निम्मी पुरते. आणि कुत्र्याचा डोळा उघडला की तो इतक्या त्वेषाने सुजतो की शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही आठवड्याभरात आत जाळी धरून दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या माझ्या दुसऱ्याच रुग्णाची अशी गत झाली. पहिला यशस्वी झाला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो आणि पहिल्या तीन दिवसांत जितक्या वेळा तपासावयास हवे होते तितक्या वेळा मी तपासले नाही. त्या कुत्र्याची मालकीण, एक वयस्क बाई, प्रबंधाच्या नोंदीसाठी त्यानंतरही दर महिन्याला त्याला घेऊन येत राहिली. ती आली की मान वर करून तिच्याशी बोलणे मला जड जाई.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधावर फारसे विचारले नाही. खोल व्रण झालेल्या बैलाच्या डोळ्याचा इलाज त्यांनी विचारला. मी पाठ केलेले उत्तर दिले: अमुक थेंब दर दोन तासांनी, तमुक थेंब दिवसातून चारदा. ते म्हणाले, "तुम्ही कासा भागात नोकरी करता ना? तेथे बैलाच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब कोण घालणार?" मला उत्तर सुचले नाही. ते थांबले, मग स्वतःच म्हणाले की ज्या इलाजाचा अंमल होऊ शकत नाही तो इलाज कागदावर लिहून वैद्याची सुटका होत नाही. मी उत्तीर्ण झालो, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढील सारी नोकरी गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

उत्तर हळूहळू सापडत गेले. बैलाला खोड्यात घेऊन, कानाच्या पुढील मज्जातंतूशी बधिर करणारी सुई दिली की पापणी सैल पडते. मग प्रतिजैविक थेट डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाखाली टोचावयाचे, म्हणजे औषधाचा साठा तेथेच राहतो. आणि जनावरांना निसर्गाने दिलेली तिसरी पापणी व्रणावर ओढून दोन टाक्यांनी वरच्या पापणीशी बांधून टाकावयाची. तीच मलमपट्टी, तीच सावली, आणि मालकाला थेंब घालण्याची तसदी नाही. दोन-तीन आठवड्यांनी टाके काढावयाचे. हीच ती तिसरी पापणी, जिला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी 'वडस वाढला' असे समजून ब्लेडने कापून टाकतात! मीठ चावून त्याची पिंक डोळ्यात टाकणे, तंबाखूचे पाणी घालणे हेही सर्रास चाले. मी कोणावर रागावत नसे. मी स्वतः मलमाच्या नळीने त्याहून वाईट करून बसलो होतो, हे पाड्यावर बसून सांगू लागलो, तेव्हापासून लोक माझे ऐकू लागले. आणि काही वर्षांनी एका भगतानेच आपली शेळी, तिच्या डोळ्यात काहीही न घालता, माझ्याकडे आणली.

कासाला परतल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस डहाणूच्या बाजूने एक वरातीची घोडी आली. तिच्या डोळ्यात साप शिरला आहे, अशी बोलवा होती आणि तिच्यामागे पन्नास-साठ माणसे चालत आली होती. डोळा धुकट झाला होता आणि बुबुळामागील पाण्यात दोऱ्यासारखा पांढरा जंत खरोखरच वळवळत, गिरक्या घेत पोहत होता. हा जंत मूळचा गुरांचा. त्यांच्या पोटाच्या पोकळीत तो फारसा उपद्रव न करता राहतो, डास त्याची पिल्ले एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात आणि घोड्याच्या शरीरात शिरलेले पिल्लू वाट चुकून डोळ्यात येते. भाताची खाचरे, गुरे आणि डास जेथे एकत्र नांदतात तेथे हे व्हावयाचेच. घोडीला गुंगी देऊन आडवी केली, डोळा बधिर केला आणि जंत समोर येईपर्यंत वाट पाहिली. बुबुळाच्या कडेला धारदार टोकाने लहानसे छिद्र पाडताच पाण्याच्या चिळकांडीबरोबर तो सळसळत बाहेर पडला. इतक्या माणसांत क्षणभर कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. काही दिवसांत डोळा निवळला, तरी छिद्राच्या जागी एक बारीक पांढरा डाग राहिला. माझा लौकिक या एका घोडीने जितका वाढविला तितका शेकडो बैलांच्या टाक्यांनी वाढविला नाही. वास्तविक कौशल्य त्या टाक्यांत अधिक होते.

डोळ्याचे म्हणून येणारे सगळेच दुखणे डोळ्याचे नसते, हे मात्र मला पुस्तकाहून या मुलखाने अधिक शिकविले. पांढऱ्या कातडीच्या गाईच्या पापण्या सुजल्या, नाकपुडी सोलवटली आणि ती उन्हाला तोंड देईनाशी झाली, तर तिने घाणेरीचा पाला खाल्ला आहे का, हे आधी विचारावे. बिघाड यकृतात असतो, ऊन तो कातडीवर उमटविते, आणि पहिला इलाज सावलीचा. उन्हाळाभर केवळ वाळलेल्या पेंढ्यावर राहिलेल्या गाईचे वासरू संध्याकाळी दावणीला धडकू लागले, तर डोळ्यात घालण्यासारखे काही नसते. हिरव्या चाऱ्यातून मिळणारे 'अ' जीवनसत्त्व त्याच्या वाट्याला आलेले नसते. असे वासरू वेळीच आले तर पुष्कळदा सुधारते. दृष्टीची नस एकदा आवळली गेली की काही केल्या सुधारत नाही.

एकदा फिरतीवरून परतताना रात्र झाली आणि एक वृद्ध वारली सोबतीला होता. विजेरीच्या उजेडात झाडीतून चमकणारे डोळे पाहून तो हे रानमांजर, ही शेळी असे सांगत चालला होता. मग म्हणाला, डुकराचे डोळे असे चमकत नाहीत, म्हणून ते भातात शिरते तेव्हा कळत नाही. मी थबकलो. बहुतेक चतुष्पादांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतविणारा एक चकचकीत थर असतो. डुकराला तो नसतो, माणसालाही नसतो. परळला हे मी एका इंग्रजी ग्रंथाच्या तळटिपेसारखे वाचून विसरलो होतो. त्या वृद्धाने ते आपले भात राखता राखता जाणले होते.

माझ्याकडे आंतरवासितेसाठी आलेली एक विद्यार्थिनी पुढे अमेरिकेस गेली आणि तेथे पशुनेत्रतज्ज्ञ झाली. तिची पत्रे मी जपून ठेवली आहेत. त्या देशात पशुनेत्रतज्ज्ञांचे 'कॉलेज' १९७० सालापासून आहे. नावाने कॉलेज असले तरी तेथे वर्ग भरत नाहीत, ते परीक्षा घेणारे व दाखला देणारे मंडळ आहे. पशुवैद्यकाच्या पदवीनंतर वर्षभराची सर्वसाधारण उमेदवारी, मग मोठ्या कष्टाने मिळणारी तीन वर्षांची नेत्रचिकित्सेची उमेदवारी, आणि शेवटी लेखी, चित्रांवरून निदान व प्रत्यक्ष हस्तकौशल्य अशी परीक्षा. पहिल्या खेपेस ती एका भागात अनुत्तीर्ण झाली तेव्हा तिने लिहिले होते की चार वर्षे इतके डोळे पाहूनही चित्र समोर येताच तिने पाहण्याआधी नाव घेतले. दुसऱ्या वर्षी ती उत्तीर्ण झाली. तिच्याजवळ आज जी यंत्रे आहेत त्यांची मला कल्पनाही नव्हती, तरी आम्हा दोघांची चूक एकच निघाली, हे वाचून मला मोठा धीर आला.

आपल्याकडे १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकांची नोंदणी झाली, परिषदा आल्या, परंतु नेत्रचिकित्सा अजूनही शल्यचिकित्सेच्या पोटातच आहे. इतकी जनावरे असलेल्या देशात डोळ्यांसाठी वेगळी, खडतर उमेदवारी आणि तिच्या अखेरीस निःपक्षपाती परीक्षा असावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. दाखल्याने कसब येत नाही हे खरे. पण दाखल्यासाठी कोणीतरी शेजारी उभे राहून वही मिटून परत देते, आणि तेवढ्यासाठी तरी तो हवा. मला असे कोणी १९८९ साली भेटले असते, तर तो बैल दोन्ही डोळ्यांसह मेला असता.

२०१४ साली पालघर जिल्हा झाला, दप्तरे बदलली, आणि काही वर्षांनी मी निवृत्त झालो. आजही एखादा जुना ओळखीचा माणूस जनावराच्या दोरीसह दारी येतो. त्यांना जे सांगतो तेच वाचकांना सांगतो. जनावराने डोळा मिटून धरला असेल तर त्याला सावलीत बांधा, उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवा, मीठ, तंबाखू किंवा घरात पडलेली जुनी नळी यांतले काहीही आत घालू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. उद्यावर टाकू नका. आणि माझ्या तरुण व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे की रंगाची पट्टी लावून पाहिल्यावाचून मलमाच्या नळीचे टोपण उघडू नका.